पन्नास ग्रॅम केल

केल ही भाजी लागते कशी, असं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगतो. कोबीचा गड्डा घरी आणल्यावर वरची दोन-तीन जाड, राठ पानं आपण काढून टाकतो ना, तशी. फरक एवढाच की या झाडाला आतला गड्डा येतच नाही. सगळी टाकायचीच पानं. जगभर लोक ती कौतुकानं खातात. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातही खाल्ली गेली, देठांसकट सदतीस किलो चारशे ग्रॅम. हा आकडा अंदाजाचा नाही, वजन करून लिहिलेला आहे.

सुरुवात माझ्या मुलीनं केली. ती कॉलेजात आहे, जन्मापासून दिल्लीत आहे, त्यामुळे देठाला डंठल म्हणते आणि पालेभाजी निवडायची म्हणजे काय करायचं हे तिला हातवारे करून सांगावं लागतं. तिनं कुठेतरी वाचलं की केल खाल्ली की त्वचा, केस, डोळे, हाडं आणि बहुधा परीक्षेतले गुणही सुधारतात. मग दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत मान टाकलेली केल घरी येऊ लागली आणि केळ्याबरोबर मिक्सरमध्ये जाऊ लागली. मी म्हटलं, ही भाजी जर कुठे उगवायचीच असेल तर इथे उगवेल. दिल्लीची थंडी तिच्या मापाची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा, ऐन थंडीत दिवसा वीसच्या आसपास, रात्री पाच-सहा, बर्फ नाही. थंडीनं हे झाड मरत नाही, उलट पानातला कडूपणा थोडा कमी होतो. पुण्यात अशी थंडी चार दिवस पाहुणी येते, दिल्लीत ती क्वार्टर अलॉट झाल्यासारखी राहते.

क्वार्टर म्हणजे आमचं आर. के. पुरममधलं सरकारी घर, तळमजल्याचं. स्वयंपाकघराच्या मागे चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जमीन आहे. तिथे आधीच्या कुटुंबानं सोडलेला एक गंजका कूलर होता. तो हलवला, शेणखत घातलं आणि वाफा केला. सप्टेंबरच्या शेवटी दह्याच्या रिकाम्या डब्यांत वीस बिया पेरल्या. सतरा उगवल्या, तीन खारींनी नेल्या, चौदा रोपं ऑक्टोबरअखेर वाफ्यात लावली, दोन ओळींत, पंचेचाळीस सेंटिमीटरचं अंतर ठेवून. रोज ऑफिसला जाण्याआधी पानं उलटून हिरव्या अळ्या वेचायच्या. एका दिवसाचा उच्चांक एकतीस. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिली तोडणी केली. नियम सोपा होता: खालची पानं कापायची, शेंड्याची सहा ठेवायची. झाड वर वाढत राहतं आणि खालून रिकामं होत जातं. फेब्रुवारीत ते लहानसं ताडाचं झाड दिसतं.

मुलीनं स्वतःच्या घरची केल चार दिवस मिक्सरमधून प्यायली. पाचव्या दिवशी म्हणाली, “बाबा, यार, ही फार ताजी आहे. चव येते तिची.” त्यानंतर तिनं जाहीर केलं की आपण केल खात नाही, आणि विषय संपवला. मी ओव्हनमध्ये केलचे वेफर करून पाहिले. दोनशे ग्रॅम पानांचे वीस ग्रॅम वेफर झाले आणि ते उचलताना त्यांची राख झाली. कोशिंबीर करायची तर पानांना मीठ आणि तेल लावून पाच मिनिटं हातानं मालिश करायचं असतं, असं एका व्हिडिओत दाखवलं. मी केलं. सासरे समोर बसून बघत होते. ते म्हणाले की तीन वर्षांत माझ्या गुडघ्याला कुणी एवढं चोळलं नाही.

सासऱ्यांविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपणार होतं.

वय शहात्तर. आयुष्यभर महाराष्ट्राच्या भूमापन खात्यात साखळी टाकून शेतं मोजली. मी ग्रॅमपर्यंत वजन करतो याचं कारण मला कधी काही मोठं मोजायला मिळालं नाही, असं त्यांचं मत. मी एका केंद्रीय कार्यालयात राज्यांकडून आलेले आकडे तपासतो, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांना एकच मुलगी, ती माझी बायको. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली झडप बदलून कृत्रिम बसवली आणि तेव्हापासून ते आमच्याकडे दिल्लीत आहेत. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी घ्यावी लागते. ती बरोबर लागू पडते का, हे पाहायला रक्ताची एक तपासणी असते, आयएनआर. साध्या माणसाचा हा आकडा एक असतो. सासऱ्यांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. गेली दोन वर्षं तो दोन पूर्णांक आठ आणि तीन पूर्णांक एकच्या मध्ये शहाण्यासारखा बसला होता.

हिरव्या पालेभाज्या या गोळीच्या विरुद्ध काम करतात. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की बंद करू नका, पण रोज सारख्याच द्या. म्हणून सासऱ्यांच्या ताटातली पालक मी तीन वर्षं वजन करून देत होतो. शिजवलेली, पन्नास ग्रॅम, वाटीत. केल सुरू करण्याआधीही मी डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी सांगितलं, पालकच्या जागी द्या, तेवढीच. मी पालक बंद केली आणि केल सुरू केली. पन्नास ग्रॅम.

या हिवाळ्यात आकडा जागेवर असणं रोजच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं. सासऱ्यांची थोरली बहीण मिरजेला असते. घरात सगळे तिला अक्का म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आई गेली तेव्हा सासरे नऊ वर्षांचे होते, अक्का तेरा-चौदाची. शाळेचा डबा तिनं दिला, त्यांच्या विजारी तिनं शिवल्या, आणि गणितात नापास झाल्यावर कानाखालीही तिनंच दिली. ऑपरेशन झाल्यापासून भेट नव्हती. त्यांना प्रवास बंद, तिचे गुडघे बंद. फोनवर दोघं एकमेकांना मेला का नाहीस अजून, अशा चालीवर बोलत. नोव्हेंबरात डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी अट घातली: जाण्याआधीच्या लागोपाठ दोन तपासण्या ठीक हव्यात, नाहीतर एवढा रेल्वेप्रवास नको. आमच्या दृष्टीनं ही अट म्हणजे औपचारिकता होती. तिकिटं काढली. सासऱ्यांनी अक्कासाठी साडीही आणून ठेवली.

डिसेंबरच्या मध्याला आकडा आला दोन पूर्णांक दोन.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हरी सब्ज़ी बढ़ाई है?” मी अभिमानानं सांगितलं, नाही, पन्नास ग्रॅम, तौलकर. वहीही दाखवली. डॉक्टरांनी तिची पानं उलटून पाहिली. मग त्यांनी गोळी थोडी वाढवली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

डिसेंबरअखेर आकडा आला एक पूर्णांक नऊ. गोळी वाढवूनही खाली. या वेळी डॉक्टरांनी वही पाहिली नाही. आकडा वर येईपर्यंत पोटावर टोचून घ्यायच्या सुया लिहून दिल्या, गोळी पुन्हा वाढवली, आणि मिरजेचं अजून ठरलेलं असेल तर मनातून काढून टाका, असं सासऱ्यांनाच सांगितलं. घरी येऊन सासऱ्यांनी साडीची पिशवी कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवली. तिथे आम्ही नको असलेल्या रजया ठेवतो.

मग मी तपास सुरू केला. माझा पहिला संशय गोळ्यांवर. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या, एकही चुकली नव्हती. दुसरा संशय प्रयोगशाळेवर. दुसरीकडे तपासलं, तिथेही एक पूर्णांक नऊ. तिसरा संशय स्वतः सासऱ्यांवर. ते रोज दुपारी उन्हात वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. मी विचार केला, माणूस एकटा आहे, समोर चौदा झाडं आहेत. मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारलं की दुपारी सहज चाळा म्हणून एखादं पान तोंडात जात नाही ना.

त्यांनी चष्मा काढला. “जावईबापू, मी शहात्तर वर्षांचा आहे, मला साखर नाही. चोरून खायचं झालं तर माणूस जिलबी खाईल. केल कोण चोरून खातं?”

मुद्दा बिनतोड होता. मी माफी मागितली. तरी दोन दिवस खालची पानं मोजून ठेवली, हेही इथे नोंदवतो.

आमच्या कार्यालयात महिना संपला की ताळा लावतात. जेवढं आलं, जेवढं गेलं आणि जेवढं उरलं ते जुळायला हवं. जुळलं नाही तर ज्या राज्याचा आकडा आहे त्या राज्याला फोन. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी मी डिसेंबरच्या केलचा असाच ताळा लावायला बसलो. तोडणीची नोंद माझ्याकडे होती: आठवड्याला सरासरी तीन किलो. भाजीची नोंद होती: सासरे, बायको आणि मी, मुलगी खात नाही, म्हणजे तिघांचे रोज पन्नास-पन्नास ग्रॅम. त्याला आठवड्याला कच्ची पानं लागतात बाराशे ग्रॅम. देठ सहाशे. एकूण अठराशे. तीन किलोतून अठराशे गेले, उरले बाराशे. दर आठवड्याला बाराशे ग्रॅम केल घरात येत होती आणि वहीत कुठेच बाहेर पडत नव्हती. इतके दिवस मी धरून चाललो होतो की बायको शेजारी वाटत असेल. धरून चाललो होतो, म्हणजे विचारलं नव्हतं.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको थालीपिठं थापत होती. परातीत भाजणीचा गोळा होता आणि शेजारी बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचा ढीग. पाला ती मुठीनं घेऊन गोळ्यात मिसळत होती.

मी विचारलं की ही कोथिंबीर एवढी कशाला.

ती म्हणाली, “हळू बोल. कोथिंबीर कुठेय, केल आहे. पोरीला कळलं तर खायची नाही.”

मी म्हटलं, पण केल तर मी वजन करून देतो. रोज. वाटीत.

“ती भाजी. हे थालीपीठ आहे.”

हे उत्तर तिनं इतक्या सहज दिलं की क्षणभर मलाही ते पटलं. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे ते खरंच आहे. ताटात भाजीची एक जागा असते, तिथे वाढली जाते ती भाजी. पालेभाजी केली का, असं विचारलं तर त्या जागेबद्दल विचारलं असं धरायचं. थालीपिठात पाला गेला, वडीत गेला, चटणीत गेला, तर त्याचं थालीपीठ, वडी, चटणी होते. तो पालेभाजीच्या हिशेबात येत नाही. माझी आई याच पद्धतीनं सांगायची, पोरगा भाजीला तोंड लावत नाही, आणि त्याच वेळी मेथीचे सहा पराठे मला वाढत असायची.

मी बसलो आणि तिला सगळं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, कारण लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं. मागे एवढा पाला येतोय, तो टाकवत नाही. नुसत्या भाजीत वीस मिनिटं शिजवूनही तो राठ लागतो, पण बारीक चिरून भाजणीत घातला की कळत नाही. म्हणून सकाळी थालीपीठ. कोथिंबीर वडीच्या पद्धतीनं डाळीच्या पिठात उकडून केलच्या वड्या, आठवड्यातून तीनदा. पानं वाळवून तीळ-शेंगदाण्याबरोबर कुटून कोरडी चटणी. देठ आमटीत. मूळ योजना मुलीच्या पोटात केल घालायची होती. मुलगी आपण केल खात नाही असं मैत्रिणींना सांगत होती आणि दिवसाला दोन थालीपिठं हाणत होती. पण सगळ्यांत जास्त जात होती सासऱ्यांना. त्यांना दातांमुळे पोळी चावत नाही, थालीपीठ मऊ असतं. म्हणून सकाळी दोन, आणि संध्याकाळी भातावर चटणी.

मी तिला विचारलं की हे तू मला का सांगितलं नाहीस.

“तू विचारलंस का? तू रोज वाटीत बघत होतास. ताटात बघितलं असतंस तर दिसलं असतं.”

यावर मी म्हणणार होतो की स्वयंपाकाची जबाबदारी तिची होती. पण वही माझ्या हातात होती आणि तिच्यातले रकाने मीच आखले होते. त्यात ‘भाजी’ असा एकच रकाना होता. त्या वड्या मी स्वतः खाल्ल्या होत्या. कोथिंबीर वडी आज छान झाली, असं म्हणून दोनदा मागून घेतल्या होत्या. शिवाय घरची भाजी बाजारातून मी आणतो, यादी माझ्या खिशात असते. सहा आठवडे त्या यादीत कोथिंबीर नव्हती, आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही की मग वड्यांत हिरवं काय आहे. एखाद्या राज्यानं मला असा आकडा पाठवला असता तर मी त्या राज्याच्या अधिकाऱ्याला फोनवर रडवलं असतं.

सासऱ्यांना सांगणं भाग होतं. ते वाफ्याजवळ उन्हात बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मी रोज किती खात होतो?” मी म्हटलं, अंदाजे एकशे चाळीस ग्रॅम. “पन्नास वाटीत दिसत होते आणि नव्वद दिसत नव्हते?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “आमच्या खात्यात एवढा फरक निघाला की मोजणीदाराला निलंबित करत.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते केल बंद करायला सांगतील, आणि मी ती सगळी उपटायच्या तयारीनं गेलो होतो. पण त्यांनी उलटंच सांगितलं. गोळी आता वाढलेली आहे. एकदम पाला काढला तर आकडा वर उडेल, आणि तेही तितकंच वाईट. आता जेवढी पोटात जाते आहे तेवढीच जाऊ द्या, पण सगळी मोजून. “न कम, न ज़्यादा. रोज़.” गोळी त्यानुसार बसवू, पंधरा-पंधरा दिवसांनी पाहू. मिरजेचं काय, हे विचारण्यापासून सासऱ्यांना मी खुणेनं थांबवू पाहिलं. ते थांबले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अट तीच. दोन तपासण्या, लागोपाठ.

तेव्हा परिस्थिती अशी झाली की आमच्या घरात केलचा ज्याला सगळ्यांत जास्त तिटकारा, त्याला ती रोज एकशे चाळीस ग्रॅम खाणं बंधनकारक झालं. बहिणीला भेटायचं असेल तर हे गवत खा. सासऱ्यांनी ते एखादी सक्तीची बदली स्वीकारावी तसं स्वीकारलं. नवी वही केली. तिच्यात सात रकाने होते: भाजी, थालीपीठ, वडी, चटणी, आमटी, इतर आणि संशयित. पाला चिरला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा, सासऱ्यांचा वाटा वेगळा काढायचा, मगच भाजणीत मिसळायचा. बायकोनं चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली की एकतर काटा या ओट्यावर राहील नाहीतर ती. पुढे मी काटा बाहेर जेवणाच्या टेबलावर नेला. मुलीपासून लपवायची गरज उरली नव्हती. तिला फसवणूक कळली तेव्हा ती दिवसभर रुसली, आणि संध्याकाळी थालीपीठ आहे का, असं विचारत आली.

सासऱ्यांनी मात्र भाजीविषयी तक्रारी लेखी द्यायला सुरुवात केली. टेबलावर चिठ्ठ्या मिळत. आजची भाजी दोरखंडासारखी आहे. आजच्या वड्यांत डाळीचं पीठ कमी व केलचा वास जास्त आहे, चौकशी व्हावी. बायकोनं पद्धती बदलून पाहिल्या. शेवटी जमलं ते असं: पान देठापासून सोडवून घ्यायचं, मधली जाड शीर काढून टाकायची, अगदी बारीक चिरून मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, पाणी पिळून टाकायचं, मग भरपूर लसणाच्या फोडणीत झाकण ठेवून शिजवायचं आणि शेवटी पीठ पेरायचं. थोडा गूळ. या भाजीवर सासऱ्यांची चिठ्ठी आली: सुसह्य.

जानेवारीच्या मध्याला आकडा दोन पूर्णांक तीन आला. हवा होता अडीच. सासऱ्यांनी रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ तो आकडा पाहिला, जणू शेताच्या बांधावर दोन वीत जमीन कमी भरली आहे. मुळात तीन तपासण्या करायला वेळ होता, आता दोनच उरल्या आणि दोन्ही बसायला हव्यात. जानेवारीअखेर दोन पूर्णांक सहा. बायकोनं कपाटातून एक रजई काढायच्या निमित्तानं साडीची पिशवी खालच्या कप्प्यात आणून ठेवली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऊन वाढलं आणि केलवर मावा पडला. पानांच्या मागे राखाडी चिकट थर. अर्धी पानं टाकावी लागली. पालक आणा की, असं बायको म्हणाली. मी नकार दिला. दोन आकड्यांच्या मध्ये मला भाजी बदलायची नव्हती. रोज सकाळी नळीनं पानं मागून धुवायची आणि साबणाचं पाणी फवारायचं, असं दहा दिवस केलं. घरात बाकी सगळ्यांची केल बंद झाली, वाफा एकट्या सासऱ्यांच्या नावावर झाला. चौदापैकी नऊ झाडं वाचली. रोजचे एकशे चाळीस ग्रॅम निघत राहिले.

फेब्रुवारीच्या मध्याला रिपोर्ट घ्यायला मी एकटा गेलो. दोन पूर्णांक आठ. मी फोन करून सांगितलं. पलीकडून सासरे म्हणाले, “पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचला. “दशांश चिन्ह कुठेय ते बघितलं?” बघितलं, म्हटलं. “बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. सोबत एकच सूचना: तिथेही रोज तेवढाच पाला.

मग बायकोनं केल उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, तिचे गोळे केले. एक गोळा म्हणजे सत्तर ग्रॅम पाला, रोजचे दोन. पाच दिवसांचे दहा आणि एक जास्त. ते बर्फाच्या डब्यात भरले. दीड दिवसाच्या प्रवासात समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं की डब्यात काय आहे, तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं, औषध. मी काटाही बरोबर घेतला होता. बायकोनं तो माझ्या बॅगेत पाहिला आणि त्यावर टॉवेल टाकला.

मिरजेला अक्का दारातच खुर्ची टाकून बसली होती. उठता येत नव्हतं. सासरे वाकून पाया पडायला गेले तर तिनं त्यांचा कान धरला. “मला वाटलं, यंदाही फोटोच पाठवतोस.” त्यांनी साडी दिली. तिनं पदर उलगडून पाहिला, रंग म्हाताऱ्या बाईचा आणलास म्हणाली, आणि घरच्यांना हाक मारून लगेच तीच नेसवून घेतली. ते दोघं दुपारभर बोलत होते. मी एका खोलीत केलचा गोळा गरम करत होतो.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. ओवाळणं झालं, पंगत बसली. अक्काच्या खुर्चीसमोर टेबल लावलं होतं, शेजारी सासरे. मी त्यांच्या ताटात सत्तर ग्रॅम केलची वाटी ठेवली. तेवढ्यात वाढपी अळूची भाजी घेऊन आला. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप घातलेली, गडद हिरवी, लग्नकार्यातली. मी पुढे होऊन हात आडवा केला.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. “काय हो, त्याला अळू वाढायचं नाही?”

मी सांगायला लागलो. आयएनआर, हिरवा पाला, रोज सारखाच, एकशे चाळीस. तिनं अर्ध्यावर थांबवलं आणि भावाला विचारलं की हे खरं का. सासरे म्हणाले, “खरं आहे. हे मोजतात म्हणून मी इथे बसलोय.” गेल्या तीन महिन्यांत त्यांनी माझ्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द होता. मग त्यांनी ताटातल्या केलकडे पाहिलं, अळूच्या बादलीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मागितलं काही नाही.

अळू हाही पालाच. डॉक्टरांनी पालकच्या जागी केल चालेल म्हटलं होतं, तर केलच्या जागी एका जेवणाला अळू चालायला हरकत नसावी. तसा माझ्याकडे लेखी आदेश नव्हता. मी ताटातली केल वाटीसकट उचलली. बॅगेतून काटा काढला आणि टेबलावर ठेवला. पंगतीतली सगळी माणसं जेवायची थांबली. रिकामी वाटी ठेवून शून्य केलं आणि वाढप्याला म्हटलं, वाढा, हळूहळू. पासष्ट, एकोणसत्तर, त्र्याहत्तर. बस्स म्हटलं. तीन ग्रॅम जास्त होते. मी चमचा शोधायला वळलो, तेवढ्यात अक्कानं वाढप्याच्या हातातला डाव घेतला आणि वाटीत आणखी एक डाव घातला. काट्यावर एकशे अठरा आले.

ती म्हणाली, “लिहा.”

मी लिहिलं. एकशे अठरा, अळू, दुपार. त्यात शेंगदाणे, डाळ आणि खोबरं किती ते वेगळं काढता येण्यासारखं नव्हतं, म्हणून शेजारी ‘अंदाजे’ लिहिलं. तो शब्द त्या वहीत तोवर आलेला नव्हता. मग एकशे चाळीसमधून एकशे अठरा वजा केले. रात्रीसाठी बावीस ग्रॅम केल उरली. सासरे वाटी बोटानं पुसून खात होते आणि अक्का त्यांच्याकडे बघत होती, म्हणून ते बावीस ग्रॅम मी त्या वेळी सांगितले नाहीत. संध्याकाळी सांगितले.